कुर्स्कच्या टायगरला झिमरिट? आधी महिना ठरवा

तुमचा प्रश्न असा: दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर-1 रणगाड्याचं 1/35 चं (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं) अर्ली प्रॉडक्शन, म्हणजे सुरुवातीच्या उत्पादनाचं, मॉडेल-किट घेतलंय, रशियातल्या कुर्स्कच्या लढाईतला रणगाडा करायचाय, तर झिमरिटचा, म्हणजे चुंबकीय सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावायचे तो रेघांचा लेप पुटीने करू की तयार स्टिकर मागवू? शिवाय आधीची दोन मॉडेलं सूचनापत्रिकेप्रमाणे नीट जोडूनही खेळण्यासारखी दिसली, ते या वेळी कसं टाळायचं? आणि एअरब्रश (रंग फवारायचं छोटं यंत्र) नाही.

झिमरिटचं उत्तर सोपं आहे. करू नका. कुर्स्कचा हल्ला 5 जुलै 1943 ला सुरू झाला. कारखान्यातून लेप लावलेले रणगाडे बाहेर पडायला लागले ते त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून. म्हणजे कुर्स्कच्या मैदानावरच्या एकाही टायगरवर हा लेप नव्हता. हिरमोड झाला असेल, पण पुटीचे पैसे वाचले.

माझ्या मते तुमचे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. किट एका महिन्याचं, लढाई दुसऱ्या महिन्याची, लेप तिसऱ्याच महिन्याचा, असं एकत्र केलं की 'टायगर' तयार होतो, पण अमुक एक टायगर तयार होत नाही. मीही पहिली सात-आठ वर्षं तेच केलं. पुस्तकात जे जे दिसेल ते सगळं एकाच रणगाड्यावर चढवायचो. आता खोक्यावरचं प्लॅस्टिक उघडायच्या आधी कागदावर दोन गोष्टी लिहितो: कुठला महिना आणि कुठली जागा. मग रंग, चाकं, धूळ, गंज, काय लावायचं नि काय काढायचं, हे बहुतेक सगळं त्या दोन शब्दांवरून ठरतं.

टायगर-1 कासेलच्या हेन्शेल कारखान्यात 1942 च्या उन्हाळ्यापासून 1944 च्या ऑगस्टपर्यंत बनत होता. सगळे मिळून साडेतेराशेच्या आसपास. पण या दोन वर्षांत तो सारखा बदलत राहिला. तुमच्या कामाचे बदल एवढेच. कमांडरचा कपोला, म्हणजे टरेटवरचा (रणगाड्याच्या वरच्या फिरणाऱ्या भागावरचा) तो छोटा घुमट, सुरुवातीला उंच डब्यासारखा होता आणि त्याला बघायला पाच फटी होत्या. जुलै 1943 पासून बुटका, ओतीव, सात पेरिस्कोपचा कपोला आला. सुरुवातीच्या रणगाड्यांच्या मागच्या बाजूला फायफेल नावाचे एअर फिल्टर असत, जाड नळ्या असलेले दोन डबे. ते 1943 च्या शरदात बंद झाले. चाकांना रबरी धावा होत्या. 1944 च्या फेब्रुवारीपासून पोलादी कडांची चाकं आली आणि त्यांची संख्याही घटली, एका बाजूला 24 च्या जागी 16. झिमरिट मधल्या टप्प्यात आलं. ते थांबवायचा आदेश 9 सप्टेंबर 1944 चा, म्हणजे टायगर-1 चं उत्पादन संपल्यानंतरचा. त्यामुळे 1943 च्या शरदानंतर कारखान्यातून निघालेला टायगर लेपासकटच निघाला असं धरून चाला.

म्हणून तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. कुर्स्कच हवं असेल तर किट बरोबर आहे, झिमरिट विसरा. झिमरिटच हवं असेल (आणि मला कळतं, ते दिसतंच तसं) तर मिड किंवा लेट (मधल्या किंवा शेवटच्या उत्पादनाचं) किट घ्या आणि तारीख 1943 च्या हिवाळ्यात किंवा 1944 मध्ये न्या. नंतर दुरुस्तीला गेलेल्या काही जुन्या टायगरांवर लेप चढल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे 'अर्ली टायगर आणि झिमरिट' हे अगदीच अशक्य नाही. पण त्यासाठी त्या विशिष्ट रणगाड्याचा फोटो हातात हवा. फोटो नसेल तर त्या फंदात पडू नका.

पुढचं सगळं तुम्ही कुर्स्कवर ठाम आहात असं धरून लिहितो. शेवटाकडे झिमरिटबद्दल थोडं सांगेन, कारण ते विचारलंयत.

आता 'खेळण्यासारखं' का दिसतं ते. लोक लगेच रंगाला दोष देतात. माझा अनुभव असा की निम्मा दोष रंगाच्या आधीच झालेला असतो, जाडीत. या छंदात 35 चा पाढा पाठ हवा. पट्टी घ्या आणि किटमधल्या पुढच्या मडगार्डची कड मोजा. साधारण एक मिलिमीटर भरेल. 35 ने गुणा: साडेतीन सेंटिमीटर! म्हणजे तुमच्या टायगरचं मडगार्ड चिलखती पत्र्याचं झालं. खरं तर तो साधा पातळ पत्रा होता, लाथ मारली तर वाकणारा. साच्यात प्लॅस्टिक फार पातळ ओतता येत नाही, कारखान्याचा इलाज नाही, पण तुमचा आहे. मडगार्ड जोडण्याआधी उलटं धरा आणि ब्लेड आडवं करून आतल्या बाजूने कडेकडचं प्लॅस्टिक खरवडत जा, कागदासारखी कड येईपर्यंत. वरून बघणाऱ्याला फक्त कड दिसते, आतली उतरण कुणाला दिसत नाही. अर्धा तास लागतो. माझ्याकडे मॉडेल दाखवायला येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच करायला लावतो, आणि मडगार्ड पातळ झालं की रंगाच्या आधीच माणूस म्हणतो, 'अरे, हे वेगळंच दिसतंय.'

तोच हिशोब तोफेला लावा. टायगरची तोफ 88 मिलिमीटरची, 35 ने भागलं की अडीच मिलिमीटर. नळीचं तोंड नुसता खळगा असेल तर अडीचच्या आसपासच्या ड्रिल बिटने हाताने फिरवून खोल करा. मशीनगनचं तोंड पाव मिलिमीटरच्याही आतलं. तेवढा बारीक बिट नसेल तर सुईच्या टोकाने मधोमध खड्डा पाडा आणि नंतर त्यात काळ्या रंगाचा थेंब सोडा. पुरतं.

तोफेची नळी दोन अर्ध्या भागांची असेल तर तिच्यावरचा सांधा ही टायगरची सगळ्यात मोठी चुगली करणारी रेघ. जोडताना सोल्व्हंट ग्लू जरा जास्त लावा आणि दाबा, सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक मिशी वर आली पाहिजे. पूर्ण रात्र वाळू द्या, मग हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर, 400, मग 600, मग 1000, पाणी लावून. घासताना नळी गोल राहील याची काळजी घ्या, एकाच जागी घासलं की ती चपटी होते आणि ते प्रायमर मारल्यावरच दिसतं. अॅल्युमिनियमची तयार नळी मिळते. पैसे असतील तर पहिला जादा खर्च त्यावर करा, फोटो-एचवर, म्हणजे पितळी पत्र्यातल्या तयार बारीक भागांवर, नको.

फोटो-एचबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पितळेच्या त्या पत्र्यात शंभर तुकडे असतात आणि नवशिक्याला वाटतं सगळे लावलेच पाहिजेत. मी टायगरवर साधारण एकच गोष्ट हमखास लावतो, मागच्या इंजिन डेकवरच्या झडपांच्या जाळ्या. प्लॅस्टिकमध्ये जाळी ओतता येत नाही, तिथे पितळ खरंच फरक करतं. बाकी हत्यारांच्या कड्या, त्यांचे बारीक खिटीवजा चाप, हे सुपरग्लूने चिकटवताना निम्मे चिमट्यातून उडून जमिनीवर जातात आणि चिकटलेले जाड ग्लूत बुडतात. दोन-चार रणगाडे झाल्यावर करा.

ओढायच्या दोरांसाठी किटमधलं प्लॅस्टिक वापरू नका, ते शेवग्याच्या शेंगेसारखं दिसतं. जुन्या इलेक्ट्रिक वायरचं आवरण सोला, आतले तांब्याचे बारीक तार मोजून घ्या, गॅसच्या ज्योतीवर क्षणभर लाल करून थंड होऊ द्या म्हणजे मऊ पडतात, आणि एक टोक पक्कडीत, दुसरं हँड ड्रिलमध्ये धरून पीळ द्या. किटमधले टोकाचे फासे कापून त्यात भोक पाडून बसवा. असा दोर हलवर (रणगाड्याच्या धडावर) स्वतःच्या वजनाने टेकल्यासारखा वळवता येतो. प्लॅस्टिकचा कायम ताठ उभा.

पृष्ठभागाचं एक. टायगरचं बहुतेक चिलखत रोल केलेल्या सपाट प्लेटांचं होतं, पुढचा भाग 100 मिलिमीटर जाड, बाजू 80. त्यामुळे प्लेट गुळगुळीतच ठेवा. पण तोफेभोवतीचं मोठं आवरण ओतीव होतं, त्यावर किंचित खरबरीतपणा हवा. पातळ केलेली पुटी जुन्या ब्रशने टिपटिप करून लावा, वाळल्यावर 600 च्या पेपरने हलकं मारा. सपाट प्लेट आणि ओतीव आवरण शेजारी शेजारी ठेवलं की नजर आपोआप म्हणते, हे दोन वेगळे पोलाद आहेत. उलट सगळीकडेच खडबडीतपणा केला तर रणगाडा भाजलेल्या भाकरीसारखा दिसतो. केलंय मी, म्हणून सांगतो.

आता चाकं. टायगर जोडणाऱ्याचा खरा कस इथे लागतो. एका बाजूला आठ धुरे, प्रत्येकावर तीन चाकं, म्हणजे 24, दोन्ही बाजूंची 48, आणि ती एकमेकांत गुंफलेली. रंगवून झाल्यावर बसवायची की बसवून रंगवायची, हा प्रश्न लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. माझी पद्धत अशी: हलची खालची बाजू आधी रंगवून, तिच्यावर धूळ-माती करून ठेवतो. मग सगळ्यात आतली रांग बसवतो, तिचं रबर रंगवायच्या भानगडीत पडत नाही, कारण ती पुढे दिसतच नाही. मग मधली, मग बाहेरची. बाहेरच्या रांगेचं रबर मात्र नीट हवं. त्यासाठी इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं सर्कल टेम्प्लेट घ्या, स्टेशनरीत मिळतं. चाकाच्या पोलादी भागाएवढं भोक शोधा, चाक आधी पूर्ण गडद राखाडी करा, त्यावर टेम्प्लेट धरून मधला भाग पिवळा मारा. एअरब्रश नाही म्हणालात, तर स्पंजने टिपा. ब्रशने रबराच्या कडेवरून 48 वेळा गोल फिरायचं म्हणजे हात थरथरलाच. आणि रबर काळं नसतं. रस्त्यावरच्या ट्रकचं टायर बघा, मातकट गडद राखाडी. निव्वळ काळं रबर ही खेळण्याची दुसरी चुगली.

ट्रॅकबद्दल, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या साखळीपट्ट्याबद्दल, तुम्ही लिहिलं नाहीत की किटमध्ये रबरी पट्टा आहे की सुटे दुवे. त्यावर बरंच अवलंबून आहे. टायगरच्या एका ट्रॅकमध्ये 96 दुवे, रुंदी 725 मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेएकवीस मिलिमीटर. एवढं पोलाद स्वतःच्या वजनाने झोळ खातं. वरची बाजू चाकांच्या माथ्यावर टेकलेली असते, आणि पुढचं दातेरी चाक ते पहिलं चाक या मधल्या मोकळ्या जागेत खाली लोंबते. रबरी पट्टा मात्र ताणून सरळ रेषेत राहतो, ही तिसरी चुगली. सुटे दुवे असतील तर ग्लू अर्धवट ओला असताना, साधारण अर्ध्या तासाच्या आत, पट्टी वाकवून चाकांवर बसवा आणि कापसाच्या बोळ्यांनी दाबून ठेवा. रबरी पट्टाच असेल तर हलच्या बाजूला, ट्रॅकच्या आड लपेल अशा जागी, बारीक भोक पाडून आतून टाचणी बाहेर काढा. टाचणी पट्ट्याला खाली दाबते, आणि बाहेरून दिसत नाही. धातूचे ट्रॅक मिळतात, वजनाने झोळ आपोआप येतो, पण ते 192 दुवे तारेने ओवताना बायको विचारते की नक्की काय चाललंय.

रंगाकडे वळू. 18 फेब्रुवारी 1943 पासून जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग राखाडीऐवजी गडद पिवळा झाला. सोबत हिरवा आणि तांबूस तपकिरी या रंगांची घट्ट पेस्ट तुकड्यांना दिली जायची, ती पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून सैनिक स्वतः पट्टे मारायचे. हे एकदा लक्षात घेतलं की 'नेमकी छटा कुठली' हा वाद निम्मा संपतो. कुणी पाणी जास्त घातलं, कुणी पेट्रोल कमी, कुणाकडे फवारणी यंत्र, कुणी सरळ ब्रशने मारलं. उन्हात नि पावसात नंतर काय झालं ते वेगळंच. टामिया कंपनीचा एक्सएफ-60 हा गडद पिवळा घेतला की काम चालतं. मी त्यात जरा पांढरा मिसळतो, कारण वीतभर लांबीची वस्तू पन्नास पावलांवरच्या रणगाड्यासारखी दिसायला हवी, आणि लांबून रंग फिकाच दिसतो.

एअरब्रश नसताना मूळ पिवळ्यासाठी मी तुम्हाला स्प्रे कॅन सुचवेन, टामियाचा टीएस-3 मिळाला तर तोच. लांब धरून तीन पातळ हात, एकच जाड हात नको. पावसाळ्यात मारू नका. मी पुण्यात राहतो, तरीही जून ते सप्टेंबर असा लॅकर रंग मारत नाही. हवेतल्या ओलाव्याने रंगावर पांढरट साय येते आणि ती पुसून जात नाही. हिरवे पट्टे मात्र ब्रशने चालतील, कारण खऱ्या रणगाड्यावरही काही ठिकाणी तसेच होते. रंग पातळ, ब्रश मऊ, दोन हात, आणि कड जरा फाटकी. पट्ट्याच्या कडेला पिवळा आणि हिरवा मिसळून स्पंजने हलकेच टिपलं की फवारल्याचा भास होतो.

रंगाचा संदर्भ म्हणून संग्रहालयातला रणगाडा धरू नका. इंग्लंडच्या बोव्हिंग्टनमधला टायगर 131 चालू स्थितीतला एकमेव टायगर आहे, 1943 च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात पकडलेला. रचना बघायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही: डब्यासारखा कपोला, रबरी चाकं, सगळं तुमच्या किटशी जुळणारं. पण त्याचा आजचा रंग नंतरचा आहे, आणि तो होता आफ्रिकेत, रशियात नव्हे. जवळचं बघायचं असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक रविवार घालवा. तिथे टायगर नाही. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंचुरियन असले रणगाडे उघड्यावर उभे आहेत. मी तिथे रंग बघायला जात नाही. वेल्डिंगची रेघ किती जाड असते, प्लेटची कड कापलेली कशी दिसते, पावसाचं पाणी कुठून ओघळतं आणि कुठे साचतं, बोल्टाच्या खाली गंजाची किती बारीक रेघ येते, हे बघायला जातो. पट्टी खिशात नेतो, लोक बघतात.

डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर-खुणांचे स्टिकर) आणि वॉश यांबद्दल एकच क्रम: आधी चकचकीत वार्निश, मग डिकॅल, मग वॉश, शेवटी मॅट वार्निश. मॅट रंगावर थेट डिकॅल लावलं की खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी चमक येते. तुमच्या आधीच्या मॉडेलांत नंबराभोवती चौकोन दिसत असेल तर तो हाच.

वॉश म्हणजे खाचांत बसणारी सावली. मी कॅम्लिनचा बर्न्ट अंबर ऑइल कलर, कणभर काळा, आणि कलेच्या दुकानातलं टर्पेंटाइन वापरतो. बारीक ब्रशने फक्त बोल्टांच्या मुळाशी आणि प्लेटांच्या सांध्यांत सोडायचा, सगळ्या रणगाड्यावर फासायचा नाही. वीस मिनिटांनी टर्पेंटाइनने जेमतेम ओल्या ब्रशने वरून खाली ओढून जादा पुसायचा. इथे माझी एक फजिती सांगतो. एकदा टर्पेंटाइन संपलं, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो, त्याने 'हेच ते' म्हणून बाटली दिली. ते होतं एनसी थिनर. टरेटच्या बाजूवर ब्रश टेकवला, आणि रंग, वार्निश, त्याखालचं प्लॅस्टिक, सगळं चिकट झालं. तीन आठवड्यांचं काम दहा सेकंदांत गेलं. तेव्हापासून नवीन बाटली आली की आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर थेंब टाकून दहा मिनिटं थांबतो. तुम्हीही थांबा.

आता धूळ नि माती, आणि इथेच 'महिना आणि जागा' पुन्हा कामाला येतात. जुलै, रशिया, उन्हाळा. म्हणजे मुख्यतः धूळ. पण दक्षिणेच्या बाजूला हल्ल्याच्या सुमारास वादळी पाऊसही झाला होता, त्यामुळे थोडा वाळलेला चिखल खपून जाईल. तिथली माती काळी. ओली असताना जवळजवळ काळी दिसते आणि वाळली की राखाडी-तपकिरी होते. ही गोष्ट आपल्याला परदेशी पुस्तकांत शोधावी लागत नाही. मराठवाड्यात नांगरणी करून आलेल्या ट्रॅक्टरचं मडगार्ड बघितलंय का? वरच्या आडव्या भागावर फिकट धूळ, उभ्या बाजूला जवळजवळ नाही, चाकाच्या आतल्या बाजूला जाड थर, आणि माणूस चढतो तिथे पायाने घासून चमकलेली जागा. हेच टायगरवर करा. धूळ आडव्या पृष्ठभागावर, माती खाली, आणि सैनिक चढायचे तिथे, हॅचांच्या (आत उतरायच्या झाकणांच्या) भोवती, घासलेपण. सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या वॉटर पेपरवर घासून जो भुगा पडतो तो उत्तम पिगमेंट. दोन-तीन छटा करा, एकच नको, आणि जाडीचा पाढा इथेही विसरू नका. मॉडेलवरचा दीड मिलिमीटरचा चिखल म्हणजे पाच सेंटिमीटर.

गंज कमी ठेवा. या रणगाड्यांचं आयुष्य महिन्यांत मोजायचं, वर्षांत नाही. जुलैमधला टायगर दोन-चार महिन्यांपूर्वी कारखान्यातून आलेला असू शकतो. त्यावर जहाजासारखे गंजाचे ओघळ घातले की बघणारा हसतो. एक्झॉस्टच्या पत्र्यावर मात्र भरपूर गंज द्या, तो भाग तापून जळायचा. रंगाचे टवके हॅचच्या कडा आणि कोपऱ्यांवर, गडद तपकिरीने, स्पंजच्या तुकड्याने. फेब्रुवारीआधी राखाडी रंगात आलेला आणि नंतर पिवळा केलेला रणगाडा करत असाल तर टवक्यातून राखाडी डोकावू द्या. हा तपशील छोटा आहे पण ओळखणारा माणूस थांबतो.

ट्रॅक केशरी गंजाचे करू नका. वापरातला ट्रॅक गडद तपकिरी असतो आणि जमिनीला लागणारे उंचवटे घासून चमकतात. पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळा. आतल्या बाजूला मात्र रबरी चाकं फिरतात, ती पोलादाला चमक आणत नाहीत, त्यामुळे तिथे चोळू नका. पोलादी चाकांचा लेट टायगर असता तर तिथेही चमकदार पट्टे दिले असते.

राहिलं झिमरिट, पुढच्या वेळेसाठी. हा लेप चुंबकीय सुरुंग चिकटू नयेत म्हणून होता. बेरियम सल्फेट, रंगद्रव्य, लाकडाचा भुसा आणि गोंदासारखं बाइंडर यांचं मिश्रण, दातेरी पत्र्याने रेघा ओढून लावलेलं. टायगरवर आडव्या रेघा. माणूस हात पोचवून सुरुंग लावू शकेल अशा उभ्या बाजूंवर लेप होता, टरेटच्या छतावर किंवा चाकांवर नव्हे. स्टिकर की पुटी? पहिल्यांदा स्टिकर किंवा रेझिनचे तयार तुकडे, लाज बाळगू नका. पुटी करायचीच असेल तर पुन्हा पाढा: खरा थर काही मिलिमीटरचाच. साडेतीन धरला तर मॉडेलमध्ये एक दशांश मिलिमीटर, झेरॉक्सच्या कागदाइतका. बहुतेकांचं झिमरिट इथेच बिघडतं, ते शेतातल्या सरींसारखं दिसतं. बारीक पोताची एपॉक्सी पुटी घ्या, टाल्कम पावडर लावून लाटा, प्लेटवर ओल्या बोटाने इतकी पातळ पसरा की खालचं प्लॅस्टिक जवळजवळ दिसू लागेल, मग दातेरी पातं पाण्यात बुडवून दाबत जा. एका वेळी एकच बाजू. हार्डवेअरच्या दुकानातली दोन वड्यांची एपॉक्सी पाइपला ठीक, पण इतक्या पातळ थराला माझ्या हाताला ती जाडीभरडी वाटली. मॉडेलसाठीचीच घ्या.

सध्या एवढं करा. खोका उघडा, टरेटचा स्प्रू शोधा आणि कपोला बघा. डब्यासारखा, पाच फटींचा आहे का? काही खोक्यांत दोन्ही प्रकारचे कपोला येतात आणि नको तो सुटा भाग म्हणून उरतो. कुर्स्कसाठी उंच डबाच हवा. आणि ट्रॅक कसले आहेत तेही बघून लिहा, मग झोळ कसा आणायचा ते तुमच्या किटपुरतं नेमकं सांगतो.